आजी काय म्हणाली होती?

आजीच्या तेराव्याचे पाहुणे जेवून गेले आणि घरात फक्त घरचीच माणसं उरली. बैठकीच्या खोलीत शलाकाचे बाबा आणि वैजूआत्या समोरासमोर बसले होते. वैजूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती साताऱ्याला राहायची. शलाका दाराच्या चौकटीला टेकून दोघांचं बोलणं ऐकत होती, आणि जसजशी ऐकत होती तसतशी गोंधळत चालली होती.

आत्याचा चेहरा लालबुंद झाला होता. मानेच्या शिरा ताणल्या होत्या आणि बोट बाबांवर रोखलेलं होतं. शलाकाच्या कानात मात्र तिचा आवाज येत होता तो असा : "दादा, आईची फार आठवण येते रे. तू तिचं पुष्कळ केलंस."

बाबा डोळे पुसत म्हणाले, "तुझाही तिच्यावर फार जीव होता, वैजू."

हे ऐकल्याबरोबर आत्यानं समोरचं पाण्याचं भांडं उचललं आणि भिंतीवर भिरकावलं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

बाबा चकित होऊन भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहत राहिले. "दुःखानं होतं असं माणसाचं," ते हळूच म्हणाले.

शलाकाला ते पटलं नाही. इतकं गोड बोलणारं माणूस भांडं कशाला फेकेल? आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले तिचे आजोबा, आईचे वडील, इतके पांढरेफटक का पडले होते? खोलीतल्या सगळ्यांनी एकच बोलणं ऐकलं होतं. घाबरले होते फक्त आजोबा.

निवांतनगर ही पुण्याच्या पूर्वेला उभारलेली मोठी वसाहत. तिथे राहणारा प्रत्येक जण दोन्ही कानांत एकेक मणी घालायचा. मणी वाटाण्याएवढा, कान पुरता बंद करणारा. समोरचा बोलला की त्याचे शब्द आधी मणी ऐकायचा, त्यातली कटुता काढायचा आणि मग बोलणाऱ्याच्याच आवाजात ते कानात सोडायचा. घराघरांतली भांडणं फार वाढली होती, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासे झाले होते, तेव्हा लोकांनी आनंदानं हे मणी स्वीकारले. शिव्या तेवढ्या गाळल्या जातात, असं सगळ्यांना सांगितलं होतं. बाहेरून आलेल्या पाहुण्यालाही फाटकावर मणी दिले जात, तसे ते आत्यालाही मिळाले होते.

आजोबांना मात्र मिळाले नव्हते. त्यांना कमी ऐकू यायचं. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं (आवाज मोठा करून ऐकवणारी उपकरणं) होती, त्यामुळे मण्यांना जागाच नव्हती. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला होता, "असू द्या आजोबा, दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

शलाका आजोबांच्या खुर्चीपाशी गेली. "आजोबा, तुम्हाला बरं नाही का वाटत?"

आजोबांनी तिचा हात धरला आणि तिला गॅलरीत नेलं. "शलू, आत्ता आत्या काय म्हणाली? तुला ऐकू आलं तसंच्या तसं सांग."

शलाकानं सांगितलं.  हे आजोबा पाटणला राहायचे. कोयनेच्या खोऱ्यात भूकंपाचे बारीकसारीक धक्के नेहमी बसतात, त्यांची नोंद घेणाऱ्या वेधशाळेत त्यांची नोकरी झाली होती. कुठल्याही गोष्टीवर मोजमाप केल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची सवय अजून गेली नव्हती.

"कागद आण आणि दोन पेनं," ते म्हणाले. "आपण एक प्रयोग करू. मी एक वाक्य बोलणार आणि जे बोललो ते लिहिणार. तू जे ऐकलंस ते लिही. मग दोन्ही कागद शेजारी ठेवू."

आजोबा पहिलं वाक्य बोलले. दोन्ही कागदांवर एकच मजकूर उमटला : आज ऊन फार आहे.

दुसरं वाक्य. शलाकानं लिहिलं, "तुझं अक्षर अजून छान होईल." आजोबांच्या कागदावर होतं, "तुझं अक्षर अगदी कोंबडीच्या पायासारखं आहे."

शलाकाला हसू आलं. "हे बरंय की. मला वाईट वाटलं असतं."

"थांब. आता घाबरवणारं काहीतरी बोलतो."

"स्वयंपाकघरात आग लागली आहे" हे वाक्य जसंच्या तसं आलं. 'साप', 'वाचवा', 'हार्ट अटॅक' हेही शब्द धडधडीत ऐकू आले. शाळेत हे शब्द पाठच करून घेतले होते : संकटात हेच शब्द वापरा, मणी ते गाळत नाही.

"म्हणजे बनवणाऱ्यांनी विचार केला होता," आजोबा म्हणाले. "वाईट हेतू नव्हता त्यांचा." मग शलाकाकडे न पाहता त्यांनी शेवटचं वाक्य उच्चारलं आणि लिहिलं.

शलाकानं लिहिलं, "मला जरा निवांत पडू दे."

तिनं आजोबांच्या कागदावर पाहिलं. तिथे लिहिलं होतं, "छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतंय गं."

ती पुन्हा पुन्हा दोन्ही कागद वाचू लागली.  कारण तिच्या स्वतःच्या कागदावरचं वाक्य तिच्या ओळखीचं होतं. आजी गेली त्याआधी कितीतरी संध्याकाळी पलंगावर बसून, छातीवर हात ठेवून ती हेच म्हणायची, "शलू, मला जरा निवांत पडू दे." आणि शलाका तिच्या डोक्याखाली उशी सरकवून, दिवा मालवून, आवाज न करता दार ओढून घ्यायची. शहाणी मुलगी आहे, असं वाटायचं तिला स्वतःबद्दल.

"आजोबा, हे वाक्य तुम्हाला कसं सुचलं?"

"सुचलं नाही. आत्या आत्ता ओरडून सांगत होती ते. तुझी आजी तिला फोनवर म्हणायची, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. आत्याच्या घरी मणी नाहीत, तिला खरं ऐकू जायचं. तिनं तुझ्या बाबांना कितीदा तरी फोन केला, आईला दवाखान्यात ने म्हणून. बाबा प्रत्येक वेळी म्हणाले, हो, जपतोय तिला. त्यांच्या कानात काय पोचलं असेल, देव जाणे. आज आत्या म्हणाली, दादा, तू आईला मारलंस. आणि बाबा उत्तरले, तुझाही तिच्यावर फार जीव होता."

शलाका रडू लागली. आजोबांनी तिला रडू दिलं. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मणी असा का वागला? मी तर त्याचं काही वाईट केलं नव्हतं."

"मण्याला वाईट-चांगलं कळत नाही. बस इथे, सांगतो." आजोबांनी कागद उलटा केला आणि त्यावर एक थरथरती रेघ काढली. "आमच्या वेधशाळेत भूकंपलेखक होता (जमिनीची थरथर रेघेनं दाखवणारं यंत्र). जमीन हलली की रेघ हलायची. पण रस्त्यावरून ट्रक गेला तरीही हलायची. भूकंपाची थरथर हा आमचा संकेत (ज्यातून आपल्याला काही कळतं तो भाग). ट्रकची थरथर हा गोंगाट (नको असलेला भाग). मग आम्ही गाळणी लावायचो. पिठाच्या चाळणीसारखीच, गोंगाट अडवून संकेत तेवढा पुढे सोडणारी. आता सांग, चाळणीची भोकं फारच बारीक केली तर काय होईल?"

"कोंड्याबरोबर पीठही वर राहील."

"बरोबर. लहानसा भूकंप आणि जाणारा ट्रक रेघेवर पुष्कळदा सारखेच दिसतात. गाळणी कडक केली की दोन्ही जातात. रेघ अगदी सरळ येते. पाहणाऱ्याला वाटतं, जमीन शांत आहे. म्हणून आमच्याकडे नियम होता, गाळलेली नोंद कामाला घ्यायची, पण मूळ नोंद कधीही टाकायची नाही. इथे मूळ बोलणं कुणाच्याच कानावर पडत नाही."

"पण गाळणी इतकी कडक केली कुणी?"

"तिनं स्वतःच. हे यंत्र शिकणारं आहे, फाटकावरच्या पत्रकात बारीक अक्षरात लिहिलंय. तुझ्या कानातल्या रक्ताच्या ठोक्यांवरून त्याला तुझ्या काळजाची धडधड कळते. त्याला एकच काम सांगितलेलं आहे, ऐकणाऱ्याची धडधड वाढू द्यायची नाही. एखादा शब्द ऐकून ती वाढली की यंत्र ते ध्यानात ठेवतं आणि पुढच्या वेळी तो शब्द बदलतं. धडधड वाढली नाही, तर आपण बरोबर केलं असं समजून तसंच आणखी करतं. याला म्हणतात प्रत्याभरण (परिणाम पाहून स्वतःला बदलत जाणं). आधी शिव्या गेल्या. मग टोमणे गेले. मग तक्रारी. कुणी दुखतंय म्हणालं तरी आपल्या माणसाची धडधड वाढतेच की. यंत्राला 'हार्ट अटॅक' हा शब्द शिकवला होता. पण तुझी आजी कशाला तो शब्द वापरेल? ती तिच्या बोलीत बोलली. यंत्राला ती कुरकुर वाटली."

शलाका विचार करत म्हणाली, "म्हणजे त्याला शांत करायला सांगितलं, तर ते शांतच करत सुटलं."

"हो. धडधड मोजता येते म्हणून ती मोजायला सांगितली. माणसं एकमेकांची काळजी घेतात का, हे मोजायचं कसं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते सांगायचं राहून गेलं."

शलाकानं दोन्ही कानांतले मणी काढले. आधी तिला गॅलरीच्या खालून जाणाऱ्या गाड्यांचा, कावळ्यांचा, कुणाच्या तरी घरातल्या मिक्सरचा आवाज आला आणि ती दचकली. मग ती स्वयंपाकघरात गेली. आई भांडी आवरत होती. तिची पाठ शलाकाकडे होती.

"आई, मला तुझ्याशी बोलायचंय."

"मध्ये मध्ये कडमडू नकोस. जीव नकोसा केलाय सगळ्यांनी," आई म्हणाली.

रोज शलाकाला ऐकू यायचं, "थोड्या वेळानं बोलू हं, बाळा." आईचा आवाजही वेगळाच होता, घोगरा आणि थकलेला. शलाका तशीच मागे फिरली. आजोबा दारातच उभे होते.

"आई माझ्याशी रोज असंच बोलत असेल का?" तिनं कुजबुजत विचारलं.

आजोबांनी खोटा दिलासा दिला नाही. "असेल. आपलं बोलणं कुणीतरी धुऊन पुसून पुढे पोचवणार आहे, हे एकदा ठाऊक झालं की माणूस शब्द जपून वापरायचं सोडतो. माझी नंदिनी, तुझी आई, लहानपणी अशी नव्हती. तिची सवय गेली आहे, माया नाही. पण हे तुला माझ्याकडून कळून उपयोग नाही, तिच्याकडूनच कळायला हवं."

त्या दुपारी त्यांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. आत्या यायला तयार नव्हती. आजोबांनी दाराखालून दोन्ही कागद आत सरकवले, तेव्हा ती बाहेर आली. तिनं स्वतःचे मणी काढून हातात घेतले होते. आईनं कागद वाचून मणी काढले. बाबा मात्र हसून म्हणाले, "कसला खेळ चाललाय?" शलाका त्यांच्याजवळ गेली आणि तिनं स्वतःच त्यांच्या कानांतले मणी उपसून काढले.

"आता बोल, आत्या," ती म्हणाली.

आत्यानं सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी तिचा आवाज चढला नाही. कोणत्या सणाला फोन केला होता, आजी काय म्हणाली होती, आपण दादाला काय सांगितलं होतं, एकेक करून ती सांगत गेली. बाबा आधी म्हणाले, "तू असं कधीच म्हणाली नाहीस." मग म्हणाले, "मला वाटलं, तू म्हणतेस की आईला करमत नाही. मी तिला नवा टीव्ही आणून दिला." 

त्यांचा खरा आवाज शलाकानं त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला. ते बसल्या जागी वाकले आणि त्यांच्या घशातून जो आवाज निघाला तो तिनं कधी कुणाचाच ऐकला नव्हता. रडण्याचा आवाजही मणी गाळत असले पाहिजेत.

आत्या पुढे झाली नाही. ती म्हणाली, "दादा, चूक तुझी नाही, हे मला डोक्यानं कळतंय. पण मला आत्ता तुझ्याजवळ बसवत नाही. कानात हे घातलेस तेव्हापासून एकदाही तिच्या तोंडाकडे बघितलं नाहीस का रे? ती छातीवर हात ठेवून बसायची."

"बघितलं होतं," बाबा म्हणाले. "पण बोलणं गोड होतं. मग मी बघायचं सोडून दिलं."

संध्याकाळच्या गाडीनं आत्या साताऱ्याला निघून गेली. जाताना तिनं शलाकाला जवळ घेतलं. बाबांकडे वळून एवढंच म्हणाली, "फोन केलास तर उचलीन."

त्या रविवारी वसाहतीच्या सभागृहात मासिक बैठक होती. बाबांना तिथे बोलायचं होतं, पण ते जागचे उठेनात. आईनं विचारलं, "मी बोलू?" तेव्हा शलाका म्हणाली, "उशी मी सरकवत होते. मीच सांगते."

ती व्यासपीठावर चढली. समोर निवांतनगरातली सगळी माणसं बसली होती. व्यवस्थापक देवस्थळी काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला माइकसमोर उभं केलं. शलाका स्पष्ट बोलली. "माझी आजी दुखतंय म्हणून सांगत होती आणि तुमच्या-आमच्या मण्यांनी ते आमच्यापर्यंत पोचू दिलं नाही. तुमच्या घरीही कुणीतरी काहीतरी सांगत असेल. आत्ताच्या आत्ता मणी काढा आणि विचारा."

लोक मंद हसले. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी मायेनं मान हलवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवस्थळी काका म्हणाले, "फार गोड बोललीस. आजीची आठवण अशीच मनात ठेव."

 शलाकाचं बोलणं तिथवर पोचलंच नव्हतं. ती पुन्हा बोलली, मोठ्यानं बोलली, आणि पुन्हा टाळ्या पडल्या. मागे उभ्या असलेल्या आजोबांकडे तिनं पाहिलं. त्यांचे हात रिकामे होते, दोन्ही कागद घरी राहिले होते. तेही काही करू शकत नव्हते. 'आग' किंवा 'वाचवा' असं ओरडलं असतं तर लोक पळाले असते, मणी कुणी काढले नसते. जितकं भयंकर सांगावं तितकं ते गोड होऊन कानात शिरत होतं.

मग तिला आत्याचं बोलणं आठवलं, तोंडाकडे बघितलं नाहीस का. ती माइक सोडून खाली उतरली आणि पहिल्या रांगेतल्या माणसांसमोर जाऊन उभी राहिली. बोलली नाही. तिनं छातीवर हात दाबून धरला, तोंड वेडंवाकडं केलं, श्वास कोंडल्यासारखी वाकली, जशी आजी वाकायची. एकाच्या पुढ्यात, मग दुसऱ्याच्या. गाळायला शब्दच नव्हते. कुणी नजर चुकवली. कुणी हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. देवस्थळी काका म्हणाले, "अरे, हिला घरी न्या कुणीतरी." बरीच माणसं उठून निघूनही गेली.

तिसऱ्या रांगेत तांबोळी काकू बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर त्यांचा लहानगा होता. ते पोर तोंड उघडून हातपाय झाडत होतं आणि काकू त्याला शांतपणे थोपटत होत्या. शलाकाच्या कानात मणी नव्हते. ते पोर केव्हापासून किंचाळत होतं, हे तिला ऐकू येत होतं. तिनं काकूंसमोर बसून पोराच्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग काकूंच्या कानाकडे.

काकूंनी पोराकडे नीट पाहिलं. मग तिच्याकडे. त्यांनी एक मणी काढला, आणि त्यांचा चेहराच उतरला. दुसरा मणी काढताना तो त्यांच्या हातातून निसटून खुर्चीखाली गेला. त्यांनी पोराला उराशी धरलं, त्याचं पोट चाचपलं, त्याच्या कपाळावर ओठ टेकून ताप पाहिला. मग शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या दंडाला हिसका देऊन त्यांनी त्याचेही मणी काढायला लावले.

"ए पोरी," तांबोळी काकू म्हणाल्या.  "मघाशी तिथे उभी राहून काय म्हणत होतीस? पुन्हा एकदा सांग. सगळं सांग."

शलाका त्यांच्याशेजारी बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.